बाळाच्या शीविषयी, मोकळेपणाने

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या महिला मंडळाने सोसायटीच्या सभागृहात ठेवलेल्या आरोग्य व्याख्यानाचा मजकूर. वक्त्या बी विंगमधील रहिवासी असून महापालिकेच्या रुग्णालयातल्या मुलांच्या वॉर्डातून परिचारिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत. भाषण बोललं तसंच, थोडी काटछाट करून छापलं आहे.)



मंडळाच्या बाई माझ्याकडे आल्या तेव्हा म्हणाल्या, ‘सिस्टर, रौप्यमहोत्सव आहे, काहीतरी छान विषय घ्या.’ मी म्हटलं, मी बाळाच्या शीवर बोलणार. त्या दोन मिनिटं गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘बोर्डावर काय लिहू?’ म्हणून बोर्डावर ‘बालआरोग्य’ असं लिहिलंय. पण विषय तोच आहे. चहा-समोसे आधीच आटोपलेत, त्यामुळे कोणी नाक मुरडायचं कारण नाही.

चौतीस वर्षं मुलांच्या वॉर्डात नोकरी केली. आई बाळाला घेऊन आली की पहिलं वाक्य ठरलेलं, ‘सिस्टर, आज शीला वेगळाच वास येतोय.’ कधी त्यात काही नसतं, कधी सगळं त्यातच असतं. कधी काय, हे ओळखायचं कसं, एवढंच आज सांगणार आहे. पण आधी माझी स्वतःची चूक सांगते. आपल्या बी विंगमधल्या जुन्या मंडळींना ती आठवत असेल.

आपल्या सोसायटीला तेव्हा बारा वर्षं झाली होती. श्रावणाचे दिवस, पाऊस धो धो. माझा नातू अकरा महिन्यांचा होता. आता नववीत आहे, आज खुर्च्या त्यानेच लावल्यात, आणि हे मी सांगणार म्हटल्यावर तो गच्चीवर पळालाय. तर त्याला गुरुवारपासून पातळ शी व्हायला लागली. सून म्हणाली, ‘आई, हा वास नेहमीचा नाही. सडक्या अंड्यासारखा येतोय.’ मी म्हटलं, ‘अगं, वरचे दात येतायत. आणि परवा अंड्याचा बलक भरवलास ना, त्याचा असेल.’ ती गप्प बसली. सासू वॉर्डातली सिस्टर, तिच्यापुढे काय बोलणार बिचारी!

शनिवारी दुपारपर्यंत आठ-नऊ वेळा झालं. लंगोट ओलाच असायचा, त्यामुळे त्यात शू किती आणि पाण्यासारखी शी किती, ते कळेना. दुपारी तो शांत पडून राहिला. मी म्हटलं, झोपलाय, बरं वाटतंय. सून म्हणाली, ‘आई, मघाशी रडला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं नाही.’ तेव्हा कुठे मी त्याच्या टाळूवर हात ठेवला. टाळू खोल गेली होती. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश खाली बसत होती. दुसऱ्यांच्या मुलांत हेच मी हजार वेळा बघितलं होतं आणि घरच्या मुलात दोन दिवस बघितलं नाही. रिक्षा करून दवाखान्यात नेला, दोन दिवस सलाईन लागली.

आणि तिथे बाकावर कोण भेटावं? आपल्याच विंगमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी, दोन वर्षांच्या मुलीला घेऊन. तीच तक्रार. त्यांना वाटत होतं पाणीपुरीचं पाणी बाधलं. त्यांनी सहज म्हटलं, पहिल्या मजल्यावरच्या पोरालाही होतंय म्हणे. मग फोन फिरले. बी विंगमध्ये पाच मुलं निघाली. एकीकडे दात, एकीकडे नजर, एकीकडे बाईने शिळं भरवलं म्हणून बाईला बोलणी. ए विंगमध्ये एकही नाही. तिची टाकी वेगळी.

सोमवारी प्लंबर आला. जमिनीखालच्या टाकीच्या भिंतीला तडा होता आणि शेजारचा ड्रेनेजचा चेंबर तुंबून त्यातलं पाणी आत झिरपत होतं. महापालिकेच्या माणसाने आपल्या नळाचं पाणी नळीत घेऊन त्यात थेंब टाकले. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. आपलं पांढरं ते पांढरंच राहिलं.

पाच घरांत पाच दिवस पाच लंगोटांना तोच वास येत होता आणि एकीने दुसरीला सांगितलं नाही. का? तर शीचं काय सांगायचं चारचौघांत! म्हणून आज मी चारचौघांत सांगतेय.

आता वासाकडे येते.

बाळ जन्मल्यावर पहिले दोन दिवस काळपट हिरवी, डांबरासारखी चिकट शी होते. तिला जवळजवळ वासच नसतो, कारण वास करतात ते जंतू, आणि बाळाच्या आतड्यात ते अजून वस्तीला आलेले नसतात. जन्मल्यानंतर चोवीस तासांत ही शी झाली नाही तर डॉक्टरांना सांगायचं, घरी वाट बघत बसायचं नाही.

मग आईचं दूध सुरू होतं. आधी चीक, मग दूध. शी पिवळी होते, मोहरीसारखे कण दिसतात, पातळ असते. वास सौम्य, थोडा आंबूस, दह्याच्या जवळ जाणारा. अंगावरच्या दुधावर वाढणारे आतड्यातले चांगले जंतू आतड्यात आंबटपणा ठेवतात आणि घाण वास करणाऱ्यांना फार वाढू देत नाहीत. असं बाळ दिवसातून आठ वेळा शी करेल किंवा महिना-दीड महिन्याचं झाल्यावर चार दिवसांतून एकदाच करेल. मऊ असेल, बाळ पीत असेल, वजन वाढत असेल, तर दोन्ही ठीक. चार दिवसांनी होणाऱ्या शीचा वास अर्थातच जोरदार असतो. त्यावर एरंडेल, साबणाची वडी असले उद्योग करू नका.

पावडरचं किंवा वरचं दूध घेणाऱ्या बाळाची शी घट्टसर, फिकट तपकिरी आणि वासाला उग्र असते. दूध बदललं की वासही बदलतो.

सहा महिन्यांनी वरचं अन्न सुरू झालं की घरात एकच ओरड, ‘अगं बाई, मोठ्या माणसासारखा वास यायला लागला!’ यायलाच हवा. डाळीतली, अंड्यातली, माशातली प्रथिनं आतड्यातले जंतू फोडतात, त्यातून वासाची द्रव्यं तयार होतात. गंधक असलेल्या पदार्थांमुळे सडक्या अंड्यासारखा वास येतो. अंड्याचा बलक, कोबी, फ्लॉवर ही त्यातली मंडळी. म्हणजे नातवाच्या वेळी मी जे कारण सांगितलं ते खोटं नव्हतं. पण अंड्याने एखाद-दुसऱ्या शीला वास येतो. त्याने नऊ वेळा पाण्यासारखं होत नाही आणि डोळ्यांतलं पाणी आटत नाही. मी वासाचं कारण शोधत बसले आणि बाळाकडे बघायचं राहिलं.

दातांचंही तेच. दात येताना लाळ गळते, हिरड्या शिवशिवतात, बाळ दिसेल ते तोंडात घालतं. त्या वस्तूंवरून जंतू पोटात जातात आणि जुलाब होतात. दात स्वतः जुलाब करत नाहीत. ‘दातांचे जुलाब आहेत, होऊ दे’ म्हणून मुलांना दोन-दोन दिवस उशिरा आणलेलं मी वॉर्डात फार बघितलं.

आता काही वास लक्षात ठेवण्यासारखे.

पहिला, झोंबरा आंबट वास. शी पाण्यासारखी, फेसाळ, आणि शीची जागा लालभडक. पोट बिघडून गेल्यावर आतड्याचं अस्तर दुखावलेलं असतं, तेव्हा काही दिवस दुधातली साखर पचत नाही, ती आतच आंबते. बहुतेक मुलांत हे आपोआप निवळतं. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. वरच्या दुधाचं काय करायचं ते डॉक्टर सांगतील.

दुसरा, कुजका वास, शी फिकट, तेलकट, भांड्याला चिकटणारी, पोट फुगलेलं, आणि हे एक-दोन दिवस नाही तर दोन-तीन आठवडे चाललेलं. जिआर्डिया नावाचा परजीवी दूषित पाण्यातून येतो, त्याचं हे लक्षण असू शकतं. गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा एक आजार आहे, सीलिॲक, त्यातही असं होतं. तो गहू सुरू केल्यानंतर कधीही दिसू शकतो. पण डॉक्टरांनी रक्ततपासणी करेपर्यंत आपल्या मनाने पोळी बंद करू नका, तपासणी चुकू शकते. अशा मुलाचं वजन अडलेलं असतं. लसीकरणाचं कार्ड काढा, त्यातल्या वजनाच्या नोंदी बघा. वासाबरोबर वजनही बिघडलंय असं दिसलं तर थांबू नका.

तिसरा, औषधाचा वास. प्रतिजैविकं चालू असली की आतड्यातली वस्ती बदलते, वास बदलतो, शी पातळ होते. लोहाचे थेंब चालू असले तर शी काळी-हिरवी होते. औषध मनाने बंद करू नका, फक्त डॉक्टरांच्या कानावर घाला.

दुसऱ्या रांगेतून एका ताईंनी चिठ्ठी पाठवलीय, ‘आमच्या बाळाच्या शीला वासच येत नाही, हे चांगलं ना?’ चिठ्ठीबद्दल आभार. अंगावर पिणारं बाळ असेल आणि शी पिवळी असेल तर चांगलंच. पण वास सोडून रंगाकडे एकदा बघा. शी पांढरट, खडूसारखी किंवा मातकट फिकट असेल, आणि बाळाची कावीळ दोन आठवडे उलटले तरी गेली नसेल, तर दुसऱ्या दिवशीची वाट बघू नका. शीला रंग येतो पित्तामुळे. रंग नाही म्हणजे पित्त आतड्यात पोचत नसेल, त्याची वाट बंद असू शकते. त्यासाठी ऑपरेशन असतं, आणि साधारण पहिल्या दोन महिन्यांत झालं तर ते यशस्वी होण्याची शक्यता जास्त. अशी बाळं दिसायला गुटगुटीत, हसरी असतात. म्हणूनच उशीर होतो. ‘कोवळ्या उन्हात ठेवा, जाईल’ म्हणत महिने काढतात.

आणखी दोन रंग सांगते. लाल: बीट खाल्लं नसेल तर रक्त समजा. त्यातही बाळ मधेच कळ येऊन पाय पोटाशी घेऊन किंचाळतं, मधेच मलूल पडतं, उलट्या होतात आणि जांभळाच्या जेलीसारखी लाल शी होते, तेव्हा आतडं आतड्यात शिरलेलं असू शकतं. ती तातडी आहे, रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. काळी: पहिले दोन-तीन दिवस आणि लोहाचं औषध सोडून डांबरासारखी काळी, चिकट आणि विचित्र उग्र वासाची शी झाली तर वरच्या आतड्यात कुठेतरी रक्त जातंय असं समजून दाखवायचं.

हे सगळं लक्षात राहणार नाही, मला माहीत आहे. म्हणून एकच सवय लावून घ्या. वेगळा वास आला की लंगोटाकडे एकदा आणि बाळाकडे पाच वेळा बघा. खेळतंय का? पितंय का? सहा तासांत शू झाली का? रडताना डोळ्यांत पाणी येतंय का? जीभ ओली आहे का? पाचांची उत्तरं बरी असतील तर वास कितीही घाण येऊ दे, फोनवर विचारून चालेल. एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल तर पायात चपला घाला. दोन-तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल, ताप असेल, शीत रक्त असेल, काहीही ठेवू न देणारी उलटी असेल, तर प्रश्न न विचारताच निघा. आणि पातळ शीमुळे शू कळत नसेल, माझ्यासारखं, तर लंगोटात कापसाचा बोळा पुढच्या बाजूला ठेवून बघा.

जुलाब सुरू झाले की घरात पहिली गोष्ट ओआरएस. हे पावडरीचं पाकीट साधं दिसतं, पण त्याची हकीकत मोठी आहे. 1971 साली बांगलादेशाच्या युद्धात निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली, सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर, सोडा पाण्यात कालवून ते लोकांना प्यायला दिलं. नर्स नव्हत्या तिथे घरचेच पाजत होते. मृत्यू झपाट्याने कमी झाले. त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आमच्या वॉर्डात मी हे ज्या आईला सांगितलं तिने पाकीट कधी कोपऱ्यात टाकलं नाही.

मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, उकळून गार केलेल्या. पाकिटावर लिहिलेलं वाचा, लहान पाकीटं कमी पाण्याची असतात. अर्धं पाकीट, अंदाजाने पाणी, असं करू नका. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर पाव ते अर्धा कप, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचाच. दुकानातले रंगीत, गोड डबे ओआरएस म्हणून पाजू नका, जास्तीच्या साखरेने जुलाब वाढतात. बरोबर डॉक्टर झिंक देतात, सहा महिन्यांच्या पुढे रोज 20 मिलिग्रॅम, चौदा दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस पुरे करायचे. अंगावर पाजणं चालू, मऊ वरणभात, खिमट, केळं चालू. पोटाला उपास नाही. मोठ्यांची जुलाब थांबवायची गोळी अर्धी करून मुलांना कधीच द्यायची नाही.

आजी मंडळींना हात जोडून सांगते, घुटीतलं जायफळ बंद करा. जायफळाने बाळ झोपतं ते बरं वाटून नव्हे, गुंगी येऊन. आणि गुंगीतल्या बाळाला तहान सांगता येत नाही. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना रोटाव्हायरसची लस सरकारी दवाखान्यात मोफत असते, ती चुकवू नका. जुलाबांचं ते एक मोठं कारण आहे.

शेवटची गोष्ट सोसायटीची. ‘बाळाचीच तर शी, तिचं काय वाटायचं,’ असं आपण प्रेमाने म्हणतो. पण तिच्यात जंतू मोठ्यांच्या शीइतकेच असतात. धुतल्यावर साबणाने हात, बाबांनीसुद्धा. डायपर टाकताना शी संडासात टाका, डायपर कागदात गुंडाळून वेगळा द्या. कचरा उचलणाऱ्या ताईही कुणाच्या तरी आई आहेत.

त्या श्रावणानंतर आपली टाकी नव्याने बांधली, वर्षातून दोनदा धुतली जाते. दर पावसाळ्यात क्लोरीन तपासायचं असा ठराव वार्षिक सभेत झाला, तो आजही इतिवृत्तात आहे. गेल्या दोन वर्षांत मात्र पावसाळ्याआधीचं धुणं पुढे ढकललं गेलंय. सेक्रेटरी साहेब समोरच बसलेत, म्हणून बोलून घेते. सजावटीच्या लायटिंगआधी टाकी.

आणि तरुण आयांनो, तुम्हाला वास वेगळा वाटला तर तो वेगळाच असतो, कारण रोजचा वास तुम्हालाच माहीत असतो. सासू सिस्टर असली तरी पुन्हा सांगा. मग शेजारच्या दाराची बेल वाजवून विचारा, ‘तुमच्याकडेही होतंय का हो?’ विचारायला लाजू नका. माझ्या सुनेने त्या शनिवारी दुसऱ्यांदा सांगितलं, म्हणून आज खुर्च्या लावायला मुलगा होता.

रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना शुभेच्छा. घरात बाळ असेल त्यांनी जाताना दाराजवळच्या टेबलावरून ओआरएसचं एकेक पाकीट घेऊन जा.